ज्ञानूभाऊच्या दुर्बिणीतले रणगाडे

परवा नागपूरजवळ बेसाला ज्ञानूभाऊ परात्याच्या नव्या घरी आम्ही जुनी मंडळी जमलो होतो. निमित्त त्याच्या नातवाच्या बारशाचं. बाळाचं नाव काय ठेवलं ते विचाराल तर मला सांगता येणार नाही, कारण पाळणा हलायच्या आधीच कुणीतरी 'दुर्बीण' हा शब्द काढला आणि मग घुगऱ्या गार होईपर्यंत कुणी जागचं उठलं नाही. किस्स्यांचं असंच असतं. एकानं एक सांगितला की दुसऱ्याला वाटतं, हा काय किस्सा झाला? खरा किस्सा तर माझ्याकडे आहे! असं करत करत आमच्याकडे एवढे जमलेत की आता घरची माणसं 'दुर्बीण' ऐकलं की स्वयंपाकघरात निघून जातात. तुम्ही सापडला आहात, तेव्हा ऐका.

आधी ती दुर्बीण म्हणजे काय ते सांगतो. रंगीत टीव्ही नुकते कुठे आले होते तेव्हाची गोष्ट. नागपुरात गोळीबार चौकाजवळ ज्ञानूभाऊचं छोटं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. (गोळीबाराचं मशीन गोळीबार चौकात, यावर जे विनोद व्हायचे ते सगळे करून झालेत, नव्यानं करू नका.) दुकान कसलं, एक खोली आणि त्यात एकच मशीन! कपाटाएवढं लाकडी खोकं, त्याला रबराची कड असलेली खिडकी. दुर्बिणीत डोकवावं तसं त्या खिडकीत तोंड घालायचं, म्हणून आमच्यात त्याचं नाव दुर्बीण, आणि खालचे दोन दांडे धरायचे. दोन्ही पुढे ढकलले की तुमचा रणगाडा पुढे जाणार, एक पुढे आणि एक मागे केला की वळणार. दांड्यावर बटण होतं, ते दाबलं की गोळा सुटायचा. एका टोकनाला तीन रणगाडे मिळायचे. आत मिट्ट काळोख, हिरव्या रेघांचे डोंगर, हिरवा चंद्र, आड यायला चौकोनी डबे, आणि हिरव्या रेघांचेच शत्रूचे रणगाडे. आपण स्वतः कुठेच दिसत नाही, आपण म्हणजे रणगाड्यातले डोळे!

माझा पुतण्या याला फर्स्ट पर्सन शूटर म्हणतो आणि हसतो. "काका, नुसत्या रेघा?" होय बाबा, नुसत्या रेघा. पण त्या रबरात तोंड घातलं की नागपूर संपायचं. मागून सायकलवाले ओरडतायत, वर माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पोरी खडखडाट करतायत, यातलं काही ऐकू यायचं नाही. मी शिकवणी सोडून खाली जाऊन बसायचो ते काय उगाच?

आता गंभीर गोष्ट. ज्ञानूभाऊचं घराणं विणकरांचं. लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून त्यानं घरचे दोन्ही हातमाग मोडीत काढले आणि मुंबईच्या एका बंद पडलेल्या गेम पार्लरमधून हे मशीन उचललं. घर चालायचं ते एवढ्यावरच. आणि त्याला अजून परवाना मिळाला नव्हता! कुणीतरी तक्रार केली होती की इथे जुगार चालतो. पोलीस ठाण्याचे नवे साहेब स्वतः येऊन पाहणार होते. खेळ कसबाचा असेल तर परवाना, नशिबाचा असेल तर मशीन उचलून नेणार. साहेब आज येतील, उद्या येतील, असं करत महिने चालले होते. दारात कुणी खाकी पँटवाला दिसला की ज्ञानूभाऊच्या हातातलं टोकन खाली पडायचं.

* * *

मशीन आलं त्या दिवशीची गोष्ट. दुकानामागच्या शाळेत नेत्रतपासणीचं शिबिर होतं. गल्लीतला गणपत आजा शिबिरासाठी म्हणून निघाला आणि आमच्या रांगेत उभा राहिला. खोक्यात तोंड घालून लोक बसलेत म्हटल्यावर त्याला शंका यायचं कारणच नव्हतं.

पहिलाच दिवस म्हणून सुशीलावहिनीनं, म्हणजे ज्ञानूभाऊच्या बायकोनं, त्याला फुकट टोकन दिलं. आजानं तोंड आत घातलं.

"काय दिसून राहिलं, आजा?" ज्ञानूभाऊनं विचारलं.

"हिरवं दिसून राहिलं. डोंगर दिसते. चंद्र दिसते."

"अजून?"

"एक पेटी सरकून राहिली."

ती पेटी म्हणजे शत्रूचा रणगाडा. धडाम! आजा जागचा हलला नाही. परत धडाम! आजा शांत. खेळ संपल्यावर त्यानं तोंड बाहेर काढलं, डोळे पुसले आणि ज्ञानूभाऊला विचारलं, "डॉक्टरसाहेब, चष्मा लागन का मले?"

ज्ञानूभाऊ खोटं बोलणारा माणूस नव्हे. तो म्हणाला, "तुमाले चंद्रापर्यंत दिसून राहिलं आजा, चष्मा कायले पायजे?"

दुसऱ्या दिवशी आजा परत आला. सोबत आजी, आजीची बहीण आणि शेजारचे दोघं. डॉक्टरची तपासणी म्हणून सगळ्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं!

* * *

या मशीनचा सगळ्यात मोठा दोष असा की खेळणाऱ्याशिवाय कुणालाच काही दिसायचं नाही. बाकीचे दहा जण त्याच्या पाठीकडे बघत उभे! पहिल्या आठवड्यात तर भांडणं झाली. मग ज्ञानूभाऊनं नियम केला: सांगत खेळायचं. आत जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं, म्हणजे बाहेरच्यांनाही टोकनाचं समाधान.

झालं! दोषाचा गुण झाला. लोक खेळायला कमी आणि ऐकायला जास्त यायला लागले. रबरात तोंड घातलेला माणूस कसा बोलतो हे ज्यानं ऐकलं नाही त्याला काय सांगावं? चेहरा झाकलेला असतो ना, त्यामुळे माणूस मोकळा होतो. एरवी बायकोसमोर आवाज न चढवणारे लोक आत गेले की ललकाऱ्या द्यायचे.

आमच्यातला प्रमोद गावंडे एका सरकारी ऑफिसात कारकून. तो क्रिकेटच्या कॉमेंटरीसारखा बोलायचा. "आणि शत्रू आला आहे... प्रमोदनं रणगाडा वळवला आहे... आणि काय हा अप्रतिम नेम! शत्रू खलास!"

पण एक अडचण होती. आवाज बाहेरही यायचे. शत्रू जवळ आला की पीं-पीं. शत्रू फुटला की ठप्प असा कोरडा आवाज. आणि आपण फुटलो की धडाम! प्रमोद म्हणाला 'शत्रू खलास' आणि बाहेर ऐकू आलं धडाम.

"काहून बे प्रमोद, हे कोण फुटलं?" मी विचारलं.

आतून आवाज आला, "तांत्रिक बिघाड!"

तेव्हापासून आमच्यात कुणी परीक्षेत नापास झालं, कुणाची सोयरीक मोडली, तरी एकच शब्द. तांत्रिक बिघाड.

* * *

कामठीहून एक रिटायर्ड सुभेदार यायचे. नाव राहू द्या, आम्ही त्यांना सुभेदारसाहेबच म्हणायचो. खऱ्या रणगाड्यात बसलेला आमच्या ओळखीतला हा एकमेव माणूस. ते पहिल्यांदा आले तेव्हा ज्ञानूभाऊनं खुर्ची पुसून दिली. आम्ही सगळे गोळा झालो. आता कळणार होतं, खरं कसब काय असतं!

सुभेदारसाहेबांनी तोंड आत घातलं आणि नियमाप्रमाणे सुरू झाले. "मैदान साफ. जवळपास आड घ्यायला जागा नाही. दुश्मन दिसत नाही. थांबायचं. न दिसणाऱ्या दुश्मनावर जाणारा मूर्ख असतो."

धडाम.

"मागून मारलं!" ते बाहेर येऊन गरजले. "मागून! माझे बाकीचे लोक कुठे होते?"

"बाकीचे लोक नसतात साहेब," ज्ञानूभाऊ भीत भीत म्हणाला. "आपण एकटेच."

"एकटा रणगाडा? कोणत्या गाढवानं पाठवला?"

मग सुभेदारसाहेबांनी उभ्या उभ्या मशीनचे दोष काढले. आत तेलाचा वास नाही. घाम येत नाही. शत्रू एका वेळी एकच येतो, असा सभ्य शत्रू त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. आणि मेल्यावर लगेच नवा रणगाडा मिळतो, ही तर सरळ लबाडी!

एवढं बोलून ते बसची वेळ झाली म्हणून निघाले. दारापर्यंत गेले, परत आले आणि खिशातून रुमाल काढून खिडकीचं रबर नीट पुसलं.

"मेल्यावर परत मिळतो ना? द्या अजून एक टोकन."

पुढे ते दर मंगळवारी यायचे. त्यांना कधीच जमलं नाही. पण जाताना चेहरा असा हलका असायचा की मला ते बघूनच बरं वाटायचं.

* * *

आत जे डोंगर दिसायचे त्यातला एक धुमसायचा. त्याच्या तोंडातून हिरवे ठिपके उडायचे. आमच्या मनोहर बोकड्याला त्या डोंगरानं झपाटलं. मनोहर कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला, तिथल्याच कॉलनीत राहायचा, सुट्टीच्या दिवशी बसनं शहरात यायचा. भट्टीसमोर आणि धुराड्याखाली आयुष्य चाललेलं, आणि सुट्टीच्या दिवशी बघायला काय हवं, तर अजून एक धुराडं!

त्याचं म्हणणं, त्या डोंगरापाशी पोहोचलं की काहीतरी मिळत असणार. उगाच कोण एवढा डोंगर काढून ठेवेल? प्रमोद म्हणाला, तो नुसता पडदा आहे. मनोहर म्हणाला, तू सरकारी माणूस आहेस, तुला सगळंच नुसता पडदा वाटतं.

एका सुट्टीच्या दिवशी तो दुपारी बसला. शत्रूला मारायचं नाही, नुसतं चुकवत डोंगराकडे जायचं. दोन्ही दांडे पुढे धरून हा निघाला.

"चाललो... चाललो... डोंगर समोरच आहे... चाललो..."

ही कॉमेंटरी ऐकायला कोण थांबणार? आम्ही समोरच्या टपरीवर चहा पिऊन आलो. हा चाललाच होता. एक रणगाडा फुटला की दुसऱ्यात बसून पुन्हा डोंगराकडे. वहिनी घरी जाऊन भाजी फोडणीला टाकून आली. हा चाललेलाच.

शेवटी आतून हताश आवाज आला, "ज्ञानूभाऊ, एवढ्यात मी कोराडीले पोचलो असतो गा! डोंगर अजून तिथल्या तिथेच."

वहिनी भाजीचा हात पदराला पुसत म्हणाली, "मनोहरभाऊजी, माहं लगन झालं तवापासून हे बी असेच म्हणून राहिले. पोचलोच आता, पोचलोच आता!"

ज्ञानूभाऊ हसला, पण जरा उशिरानं हसला. त्या आठवड्यात साहेब येणार अशी बातमी होती.

* * *

आता वानखेडे हवालदारांबद्दल सांगायला हवं. हो, हवालदार! पोलिसातलाच माणूस, आणि आमच्या दुर्बिणीचा सर्वांत मोठा खेळाडू. रविवारी साधा सदरा घालून, सायकल दोन गल्ल्या पलीकडे लावून यायचे. ज्या जागेवर जुगाराची तक्रार आहे तिथे पोलीस सापडला तर नोकरीवर गदा. म्हणून त्यांचं नाव कुणी बाहेर काढायचं नाही, हे आमच्यात ठरलेलं होतं.

माणूस अबोल. ठाण्यात ते फक्त 'होय साहेब' म्हणतात असं त्यांनीच सांगितलं होतं, तेही फार विचारल्यावर. घरी तेवढंही नाही. पण रबरात तोंड गेलं, की बस!

"ये बाप्पा, ये. त्या डब्याच्या मागं लपून काहून राहिला? मले काय दिसत नाई वाटते तुले? ये, लाजू नको. हा पाह्य, वळला. आता तुले वाटते मी डावीकडं जाईन. जाऊ? नाई जात!"

ठप्प.

"बस झालं. आता दुसरा आला का त्याले म्हणा वानखेडे वाट पाहून राहिले."

शत्रूला मारतानाही त्यांच्या बोलण्यात राग नसायचा, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं बोलायचे. दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत लोक उभे राहायचे. मी वरचा क्लास सोडून यायचो आणि माझ्या मागून क्लासही यायचा.

सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्याला मशीन तीन अक्षरं लिहू द्यायचं. सगळ्यात वर कायम हवालदारांची अक्षरं. पण दोष असा, की वीज गेली की मशीन सगळं विसरायचं! नागपूरची वीज, तिचं काय सांगावं? एका रविवारी त्यांनी कधी नव्हे तो खेळ केला, अक्षरं लिहिली, बाहेर येऊन पाणी प्यायला ग्लास उचलला आणि दिवे गेले.

हवालदारांनी अंधारात पाणी संपवलं.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "लिहिलं होतं, हे तुमी पाह्यलं ना?"

आम्ही म्हणालो, पाहिलं. खरं तर खिडकीतून फक्त त्यांनाच दिसलं होतं.

* * *

आणि मग पक्की बातमी आली. साहेब उद्या येणार!

त्या संध्याकाळी दुकानात युद्धाची बैठक बसली. मुद्दा एकच, हा खेळ कसबाचा आहे हे साहेबांना कसं पटवायचं? मी म्हणालो, सोपं आहे. सरावानं माणूस सुधारतो, आणि नशीब काही सरावानं सुधारत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात प्रमोदनं तोंड उघडलं.

"पण शत्रू कुठून येईल ते कुठे आपल्या हातात आहे? समोर आला तर ठीक, पाठीमागे आला तर मेलात. ते नशीबच!"

"आल्यावर वळायचं कसं हे तर हातात आहे ना?" मी म्हणालो.

"पण त्या डब्याआड अडकलो तर? आणि तो डोंगर? तिथे तर कसबवालाही पोहोचत नाही."

प्रमोदचा दोष असा की तो खरं बोलतो, आणि भलत्या वेळी. ज्ञानूभाऊ कोपऱ्यात स्टुलावर बसून नुसता ऐकत होता. माग विकून झाले होते, परत कुठून आणणार?

वहिनी मात्र खंबीर. ती प्रमोदसमोर जाऊन उभी राहिली. "भाऊजी, उद्या येजा, पण हे तुमचे दोष तेवढे घरी ठेवून येजा!"

मग तिनं मशीनपाशी जाऊन मेन स्विच खाली ओढला आणि पुन्हा वर केला. हवालदारांची तीन अक्षरं गेली. साहेबांच्या नजरेला ती पडायला नकोत म्हणून. घरातलं कुणी गावाला जावं तसं वाटलं मला.

* * *

शेवटचा किस्सा. बारशाच्या दिवशी हा प्रत्येकाला सांगायचा होता, शेवटी वहिनीनं सगळ्यांना गप्प केलं आणि मला सांगू दिला.

सकाळी जीप थांबली. साहेब उतरले. त्याच वर्षी बदलून आलेले, साताऱ्याकडचे. भरघोस मिशा, कडक इस्त्री. आणि त्यांच्या मागून, डोक्यावर टोपी, हातात काठी, नजर सरळ समोर ठेवून उतरले आमचे वानखेडे हवालदार!

ज्ञानूभाऊच्या तोंडचं पाणी पळालं. आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे. हवालदारांनी आमच्याकडे पाहिलं, पण जन्मात कधी पाहिलं नसल्यासारखं.

"मला एकच ठरवायचंय," साहेब म्हणाले. "यात कसब आहे की नशीब?"

ज्ञानूभाऊ खुर्ची पुसायला लागला. वहिनीच म्हणाली, "साहेब, खेळूनच पाहा ना. फक्त इथं सांगत खेळायची पद्धत आहे."

साहेबांनी टोपी काढली, मिशा सावरल्या आणि तोंड आत घातलं.

"समोर डोंगर आहे. चंद्र आहे. बेकायदेशीर काही दिसत नाही." पीं-पीं सुरू झालं. "कोण आहे रे तिकडे? थांब! थांब म्हणतो ना!"

धडाम.

"ऐकत नाही हा!" साहेब आतून म्हणाले. दुसऱ्या रणगाड्याचंही तेच झालं. तिसऱ्या वेळी साहेबांनी दांडे असे काही हलवले की अख्खं मशीन हललं. मग अचानक ठप्प! एक पडला. लगेच पाठोपाठ धडाम, आणि खेळ संपला.

साहेब बाहेर आले. डोळ्यांभोवती रबराचा लाल गोल उमटला होता. कुणी हसलं नाही. हसणार कोण, सगळ्यांचे जीव टांगणीला लागलेले.

"एक पाडला मी," ते म्हणाले.

"हो साहेब!" आम्ही एका सुरात.

"पण मी पाडला, की तो आपला पडला?" साहेब विचारात पडले. मग त्यांना युक्ती सुचली. "हवालदार, तुम्ही या. तुम्ही याला कधी हात लावलेला नाही. ज्याला काही येत नाही त्यानंही पाडला, तर हे सरळ नशीब. मग मशीन आजच उचलायचं."

माझ्या शेजारी प्रमोद काहीतरी बोलायला गेला, मनोहरनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

हवालदारांनी काठी भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि तोंड आत घातलं. साहेब त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

पीं-पीं. पीं-पीं.

"काही दिसत नाई, साहेब. अंधार हाय."

ज्या माणसाला डब्याआडचा शत्रू दिसायचा, तो म्हणत होता अंधार आहे! वहिनीनं पदराचा बोळा तोंडात धरला. धडाम. एक रणगाडा गेला.

"अहो, दांडे ढकला," साहेब म्हणाले. हवालदारांनी ढकलले. आवाजावरूनच कळत होतं, डब्याला जाऊन भिडले होते आणि तिथेच ढकलत राहिले होते.

"गाडी अडली, साहेब."

"मागे घ्या! मागे!"

"मागं कोणतं साहेब?"

धडाम. दुसराही गेला. ज्ञानूभाऊनं डोळे मिटून घेतले होते. एकच उरला होता. तो तसाच फुटला की सुटलो! पण साहेबांना आता राहवेना. स्वतःला जे जमलं ते आपल्या माणसाला जमत नाही म्हणजे काय? ते हवालदारांच्या कानाशी वाकले आणि बाहेरून, काहीही दिसत नसताना, ओरडायला लागले.

"उजवीकडे वळा! अजून! थांबा! आता दाबा!"

ठप्प.

त्या आवाजाचा अर्थ साहेबांना आता कळत होता. ते सावकाश सरळ झाले. मागून लगेच धडाम झालं, खेळ संपला, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"पाडला," साहेब म्हणाले. "हवालदारांनी पाडला. म्हणजे नशीबच!"

मला वाटलं, संपलं. जीप दारात उभीच होती, मशीन जायला किती वेळ?

हवालदारांनी तोंड बाहेर काढलं नाही. ते आतूनच बोलले, आणि त्यांच्या रविवारच्या आवाजात बोलले. "नशीब कसं म्हणता, साहेब? मले तर काहीच समजून नव्हतं राहिलं. तुमी म्हणाले वळ, मी वळलो. तुमी म्हणाले थांब, थांबलो. तुमी म्हणाले दाब, मी दाबलं. त्याच्या आधीचे दोन मी माह्या मनानं खेळलो, ते पाह्यलेच तुमी. हा नेम तुमचा व्हता, साहेब."

"मी तर बाहेर होतो," साहेब म्हणाले. "मला काही दिसत नव्हतं."

"तरी बरोबर लागला, साहेब!"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी मान हलवली, प्रमोदनंसुद्धा! साहेबांनी एकदा मिशीवरून हात फिरवला. मग दुसऱ्या बाजूनं फिरवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "याला कसब लागतं. नशिबाचा यात काडीचा संबंध नाही."

आणि तिथेच, मशीनच्या लाकडावर कागद ठेवून, त्यांनी परवान्यावर सही केली. वहिनी रडायला लागली, ज्ञानूभाऊला रडावं की हसावं कळेना. मला एवढं सुटल्यासारखं वाटलं की मी भिंतीला टेकून खालीच बसलो. इतक्या महिन्यांनी त्या खोलीत सगळ्यांनी पोटभर श्वास घेतला.

साहेब दारापाशी गेले आणि थांबले. हवालदार टोपी घालून, काठी घेऊन मागे उभेच होते. साहेबांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली.

"ज्ञानेश्वरराव, आमचे हवालदार फारच कच्चे आहेत हो. दर रविवारी पाठवतो इकडे. जरा शिकवा त्यांना."

हवालदारांनी टाचा जुळवल्या, नजर सरळ समोर ठेवली आणि विचारलं,

"जमन का मले, साहेब?"